पंपघरातला नवा फोन

६ जून

आत्या,

नमस्कार टेबलाखालून. वर यायला जागाच नाही. चारी बाजूंनी खोकी रचली आहेत आणि मी मधोमध मांडी घालून बसलेय, एका खोक्यावर कागद ठेवून. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा म्हटलं, पत्राला तरी नाही म्हणणार नाहीस.

बातमी अशी, की तुझी भिंगरी आता नुसती मदतनीस राहिली नाही. आमच्या पाणीखात्याचे सगळे फोन बदलायचं काम माझ्याकडे दिलंय. सगळे म्हणजे मुख्य कचेरी, तक्रारीची खिडकी, टेकडीवरचं पाणी शुद्ध करायचं केंद्र आणि नदीकाठचं पंपघर. जुने काळे फोन उचलता उचलता हात भरून यायचा, ते जाणार. नवे फोन टेलिफोनच्या तारेवर चालतच नाहीत. संगणकाला जी इंटरनेटची केबल लागते, त्याच केबलमधून आवाज जातो. फोन उचलून दुसऱ्या मजल्यावर नेऊन लावला तरी नंबर तोच. म्हणजे नंबर आता खोलीचा नाही, माणसाचा.

हे मी मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या मुख्य अभियंत्यांना, फार रंगून सांगत होते. ते म्हणाले, "म्हणजे मी कुठंही दडलो तरी लोक मला गाठणार." आणि हसले नाहीत. ते हसतच नाहीत. पण काम दिलं. अट एकच, महिनाअखेर कचेरी आणि जुलैअखेर टेकडी. तिथं फोन नीट बोलले नाहीत तर जुनेच राहतील, आणि मी परत दुसऱ्यांच्या मागून शिडी धरायला.

मला झोप येत नाही आणि भूकही लागत नाही. इतका आनंद मला पेलता येत नाहीये बहुतेक.

आता खरं सांग, रागावलीस का? लाँचच्या धक्क्यावरची तिकीटखिडकी तू अशी वेळेआधी, तडकाफडकी सोडलीस आणि निरोपाच्या दिवशी मी आले नाही. परीक्षा होती गं. फोन लावते तर नुसता वाजत राहतो. बाबाही म्हणतात, तुझ्या आत्याच्या मनात काय चाललंय देव जाणे.

तुझी,
भिंगरी

*

१४ जून

भिंगरे,

आशीर्वाद तुला पोचवता पोचवता टेबलाखाली वाकावं लागलं, कंबर धरली. तुझं पत्र मी खिडकीत उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारच्या शिंपीणबाईला वाचून दाखवलं. तिला फोनचं काही पडलेलं नाही, पण माझी भाची मोठी झाली एवढं तिला कळलं.

राग कसला? माझ्या फोनची तार उंदरानं कुरतडली आहे. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो आणि येत नाही. आणि खिडकी सोडली ती कंटाळा आला म्हणून. इतकी वर्षं "पलीकडचं एक, पलीकडची दोन" ऐकून कुणालाही येईल.

तू पत्रंच लिही. फोनवर तू निम्मं बोलतेस आणि निम्मं हं हं करतेस. पत्रात हं हं लिहिता येत नाही, त्यामुळे सगळं सांगावं लागतं. मला हे सांग, आवाज केबलमधून जातो म्हणजे नक्की कसा जातो? संगणकाच्या कामात मिसळून जात नाही का? आणि साहेबांपुढे फार रंगून बोलू नकोस. न हसणाऱ्या माणसाला आधी काम दाखवावं, मग रंग.

तुझी,
आत्या

*

२ जुलै

आत्या,

कचेरी झाली. तिन्ही मजले.

आवाज कसा जातो विचारलंस, तर ऐक. बोललेल्या प्रत्येक शब्दाचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता चिकटतो आणि तो आपला आपण वाट काढत पोचतो. पलीकडचा फोन तुकडे जुळवून पुन्हा शब्द करतो. हे इतक्या झटकन होतं की माणसाला पत्ताही लागत नाही. मी हिशेबखात्यातल्या आजोबांना हे सांगितलं. तिथं सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. ते म्हणाले, "म्हणजे माझं बोलणं फोडून पाठवणार? आधीच लोक माझ्या बोलण्याचे तुकडे पाडतात." जुना फोन सोडायला तयारच नव्हते. शेवटी मी नवा फोन त्यांच्या टेबलावरून उचलून त्यांच्या देखत गच्चीच्या जिन्यात नेऊन लावला आणि म्हटलं, आता तुमचाच नंबर लावा. लावला. जिन्यात वाजला. त्यानंतर दोन दिवस ते फोन काखेत मारून मजल्यामजल्यांवर फिरत होते. जिथं भिंतीत जोडणी दिसेल तिथं लावायचे आणि घरी फोन करायचे, "ओळख मी कुठून बोलतोय."

इथवर सगळं छान. घोडं अडलंय ते टेकडीवर. तिथले फोन लावले, घंटी वाजते, उचलता येतो, पण आवाज एकाच बाजूनं जातो. टेकडीवरचा माणूस बोलला की कचेरीत स्वच्छ ऐकू येतं. कचेरीतून आपण बोललो की त्याला काहीच नाही. नुसती शांतता. बिचारा "ऐकताय ना? कुणी आहे का?" म्हणत बसतो. आपण इकडं घसा फोडून "आहे, आहे" ओरडतोय आणि त्याला वाटतं, पलीकडं कुणीच नाही. चार दिवस मी टेकडी चढते आणि उतरते. केबल बदलली, फोन बदलला, काही फरक नाही. साहेबांनी काल नुसतं कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

आणि आत्या, बाबांनी शिंपीणबाईकडे चौकशी केली. ती म्हणते, तुझ्या घरातली घंटी व्यवस्थित वाजते. तार कुरतडली असती तर वाजली असती का? हेच काम करते गं मी. माझ्याशी बोलायचं नसेल तर सरळ सांग. उंदराच्या माथी मारू नकोस.

भिंगरी

*

१० जुलै

भिंगरे,

उंदीर निर्दोष आहे.

तुझं टेकडीवरच्या माणसाचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. माझीही गत तीच आहे. माझा आवाज जातो, तुमचा येत नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला, त्याचं मी काही वाटून घेतलं नाही. उजवा ह्या हिवाळ्यात हळूहळू मिटला. डॉक्टरांनी कानात यंत्र बसवून पाहिलं. त्यानं आवाज येतो, पण तो भांडी पडल्यासारखा. शब्द येत नाहीत. घंटी वाजलेली मला कळतच नाही, आणि उचलला तरी काय ऐकणार?

धक्क्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खिडकीला काच होती. काचेमागून निम्मं बोलणं मी पहिल्यापासून ओठांवरूनच ओळखत आले. पण एक दिवस गर्दीत एक बाई मान वळवून बोलली. मी तिला भलत्याच किनाऱ्याचं तिकीट दिलं. ती, तिची म्हातारी सासू आणि दोन मुलं, सगळी भर उन्हात चुकीच्या धक्क्यावर, न्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघत बसली. संध्याकाळी परत आली तेव्हा ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. कंटाळा आला म्हणाले.

तुला सांगितलं नाही, कारण तू फोनची पोरगी. तुला वाटेल, आत्यासाठी काहीतरी करायला हवं, आणि तुझं सगळं लक्ष इकडं लागेल. आता सांगितलंच आहे, तर माझं एक ऐक. ह्यावर रडायला बसू नकोस, टेकडीचं काम पूर्ण कर. येणारा आवाज कुठं अडतोय ते शोध. एकाचा तरी येऊ दे.

बाबाला सांग हवं तर. ओरडायला येऊ नको म्हणावं, उपयोग नाही.

आत्या

*

२४ जुलै

आत्या,

रडले. नाही म्हणून काय उपयोग. केबलच्या खोलीत यंत्रांचा गोंगाट असतो, तिथं कुणाला कळत नाही. मग डोळे पुसले, तुझं पत्र घडी करून खिशात घातलं आणि टेकडी चढले.

सापडलं, आत्या. केंद्राच्या जोडणीवर एक राखणदार यंत्र आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला ते अडवत नाही, बाहेरून येणाऱ्याला मात्र ओळख विचारतं. कचेरीतून येणारा आवाज वेगळ्या दारानं येत होता, त्या दाराची ओळख कुणी पटवलीच नव्हती. मी केबली बदलत बसले आणि आवाज बिचारा दाराबाहेर उभा. ओळख पटवून दिली, खाली कचेरीत येऊन फोन लावला. टेकडीवरचा माणूस म्हणाला, "ऐकताय ना?" मी म्हटलं, "ऐकतेय." तो म्हणाला, "अरे, आहे की कुणीतरी."

आता पंपघर राहिलंय, आणि तिथं वेगळीच कथा आहे. आत पाऊल टाकलं की पंपांची घरघर छातीत शिरते. तिथल्या मिस्त्रींना सगळे भोंगा म्हणतात. तिथून बाहेर आले तरी आवाज चढलेलाच असतो म्हणून. मी नवा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, परत माझ्या हातात दिला आणि ओरडले, "पोरी, ह्याचं मी करू काय?" खरंच होतं. जुन्या फोनची तीच रड. तो वाजलाय हे कळायचं नाही, आणि काही सांगायचं तर आवार ओलांडून चौकीत पळायचं. मी म्हटलं, फोन आला की दिवा लुकलुकेल असं करते. ते म्हणाले, "दिवा दिसेल. बोलणं कुठं ऐकू येईल?"

मग मी एक पाहिलं. हे पंपघरातले लोक आपसात अख्ख्या लांबीवरून बोलतात, आणि कुणाचाही आवाज निघत नाही. नुसते ओठ हलतात. ह्या टोकाला भोंगाकाका काहीतरी म्हणतात, त्या टोकाला माणूस खो खो हसतो. तुझीच विद्या, आत्या. अख्खं पंपघर ती बोलतं.

माझ्या खोक्यांत पडद्याचा एकच फोन आहे. समोरच्याचा चेहरा दिसतो असा. तो मोठ्या साहेबांच्या टेबलासाठी मागवलाय. मी आज त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"साहेब, तुमचा फोन पंपघराला द्यावा म्हणते."

"माझा?"

"हो. तुम्हाला ऐकू येतं."

ते म्हणाले, "उद्या सांगतो." आता उद्याची वाट बघतेय, नखं संपली.

तुझी,
भिंगरी

*

२ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा बाबा इथंच होता. ओरडायला येऊ नको म्हटलं होतं, म्हणून आला. दोन दिवस एवढा ओरडला की शेजारच्या घरांना आमच्या सगळ्या कौटुंबिक भानगडी कळल्या, फक्त मला नाही. शेवटी त्याला खुर्चीत बसवलं, तोंड उजेडाकडे केलं आणि म्हटलं, हळू बोल. तेव्हा म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?" ते मात्र लख्ख दिसलं.

साहेबांनी काय सांगितलं ते तू लिहिलंच नाहीस, पण फोन मिळाला असं धरून चालते. तेव्हा चार गोष्टी शीक, नाहीतर पडदा असून नसल्यासारखा. दिवा माणसाच्या तोंडावर हवा, पाठीमागे असला तर नुसती सावली दिसते. कुणी ओरडायचं नाही. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. छोटी वाक्यं बोलायची. बाबा, पापा, मामा हे तिन्ही ओठांवर अगदी सारखे दिसतात, त्यामुळे माझा बरेचदा मामा होतो. म्हणून नंबर बोटांनी दाखवायचे. आणि तुझ्या भोंगाकाकांना मिशी आहे का? असली तर ओठांवरची कापायला सांग. मिशीतून शब्द बाहेर येत नाहीत.

हे लिहिताना मजा आली. कितीतरी दिवसांनी कुणाला काही शिकवतेय.

आत्या

*

२० ऑगस्ट

आत्या,

दिला. साहेबांनी दिला. दुसऱ्या दिवशी स्वतः खोकं उचलून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेले. मी धन्यवाद म्हणेपर्यंत दार बंद.

मिशी आहे, म्हणजे होती. झुपकेदार. मी भोंगाकाकांना तुझं पत्र वाचून दाखवलं, म्हणजे चौकीत नेऊन. ते म्हणाले, "ही कोण बाई माझ्या मिशीवर उठली?" मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझेही निम्मे कान पंपांनी खाल्ले." दुसऱ्या दिवशी आले ते वरचा ओठ मोकळा करून. पंपघरात कुणी ओळखेना. तोंडासमोर दिवा लावला, पडदा उंचीवर बसवला.

आणि काल जुन्या तारा कायमच्या तोडायच्या होत्या. मी सकाळपासून साहेबांच्या शेजारी, पंपघराच्या फोनसाठी कॅमेरा लावलेल्या संगणकासमोर. एकेक खातं जुन्यावरून नव्यावर येत होतं आणि मी यादीवर खुणा करत होते. सगळं आलं. साहेब उठणार, एवढ्यात पंपघराचा फोन लागला. पडद्यावर भोंगाकाका. मला वाटलं, अभिनंदन करतायत. पण त्यांनी तीन बोटं दाखवली, मग लांब केबलसकट फोन काढून पंपाच्या तापमानाच्या काट्यासमोर नेला. काटा लाल पट्ट्यात.

साहेब माझ्या आधी ताडकन उभे राहिले. "तीन नंबर तापलाय. तो बंद करायचा तर टेकडीनं आधी राखीव टाकी सोडायला हवी, नाहीतर शहराचे नळ कोरडे." टेकडीला फोन लावला. "ऐकताय ना?" "ऐकतोय, साहेब." टाकी सुटली. साहेबांनी पडद्याकडे वळून हात आडवा फिरवला, बंद करा. आणि मोठ्यानं न बोलता, सावकाश, नुसत्या ओठांनी म्हणाले, "शाब्बास." भोंगाकाकांना ते कळलं. मान डोलावली, आणि पंप थांबला.

एरवी ते आवार ओलांडून चौकीत पळाले असते. तोवर पंप जळाला असता, असं साहेबच म्हणाले. मग आपल्या टेबलावरची फोनची रिकामी जागा दाखवून म्हणाले, "हा फोन इथं असता तर मी त्यात काय पाहिलं असतं? तुम्हालाच." आत्या, बहुतेक हा विनोद होता.

संध्याकाळी मी धावत जाऊन तसाच एक पडद्याचा फोन विकत घेतला. ह्या पत्राबरोबर बाबा घेऊन येतायत. बरोबर भिंतीचा दिवाही आहे, आणि इंटरनेटची केबल जोडणारा माणूस शनिवारी येईल. फोन आला की लुकलुकतो, पार स्वयंपाकघरातून दिसेल असा. बाबांना सगळं लिहून दिलंय, तरी ते उलटंच लावतील, तेव्हा तू लक्ष ठेव. रविवारी सकाळी घरी राहा. कुठून करेन ते सांगत नाही.

तुझी,
भिंगरी

*

३० ऑगस्ट

भिंगरे,

बाबानं उलटंच लावलं. मी सुलट केलं.

रविवारी सकाळपासून मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. शिंपीणबाई म्हणाली, काय शिक्षा झालीये का? तेवढ्यात दिवा लुकलुकला. माझ्या घरात कुणीतरी मला हाक मारतंय, हे कळून किती महिने झाले होते. मी उठून बटण दाबलं. पडद्यात तू. मागे केवढाले लोखंडी पंप. तू भराभर काहीतरी बोलत सुटलीस आणि मला त्यातलं काडीचं कळलं नाही. इतक्या दिवसांत तुला एवढं शिकवलं, तरी आनंदात तोंड पुरतं उघडत नाहीस. मग तुझ्या खांद्यामागून तो मोकळ्या ओठांचा माणूस पुढे झाला, आणि म्हणाला, "ताई, ही पोरगी काय म्हणते ते मलाही कळत नाही."

स्वच्छ. छापल्यासारखं. भिंगरे, मी इतकी हसले की शिंपीणबाई धावत आली.

मग आम्ही बोललो. तू मध्ये उभी, दोन्ही कान शाबूत, आणि एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघतेस. "काय म्हणाली? काका, काय म्हणाली ती?" तेवढं मला वाचता आलं. आणि त्यांनी तुला सांगितलं नाही, तेही दिसलं.

तर ऐक. त्यांनी आधी विचारलं, मिशी परत ठेवू का? मी म्हटलं, आठवडाभर थांबा, अजून बोलायचंय. मग त्यांनी विचारलं, ऐकू येईनासं झालं तेव्हा आधी काय गेलं? मी म्हटलं, चिमण्या. ते म्हणाले, माझ्याही. एवढंच. ह्या गोष्टी मी डॉक्टरांना सांगितल्या नव्हत्या, तुझ्या बाबाला नाही, तुलाही नाही. आणि त्या एवढ्या गोंगाटात उभ्या माणसाला सांगितल्या, आणि त्यांनी उभ्या उभ्या समजून घेतल्या. पडदा बंद झाला तेव्हा मी घरभर फिरले. खिडक्या उघडल्या. बाबाला म्हटलं, चल, धक्क्यावर जाऊन येऊ. राजीनाम्यानंतर तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. खिडकीत नवी मुलगी बसते. मी काचेबाहेर उभी राहिले आणि तिला म्हटलं, पलीकडची दोन. लाँचवर तुझा बाबा सारखं काहीतरी बोलत होता, वाऱ्याकडे तोंड करून. मी त्याची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली.

त्यानं काय सांगितलं ते फार गमतीचं आहे, आणि तुझ्याबद्दलच आहे. तो म्हणतो, तू लहान असताना

थांब, दिवा लागला. तूच असणार. उरलेलं तोंडी सांगते.

आत्या